गृहमंत्र्यांना प्रश्न विचारायचा तर तारीख मागा

अधिवेशन सुरू झालं की टीव्हीवर काय दिसतं, तर विधानभवनाच्या पायऱ्या. हातात फलक, घोषणा, दुपारी सभात्याग आणि रात्री चॅनलवर दोन्ही बाजूंचे प्रवक्ते. विषय कायदा-सुव्यवस्थेचा असेल तर "गृहमंत्र्यांनी राजीनामा द्यावा" ही मागणी ठरलेलीच. विरोधकांनी आवाज करायलाच पाहिजे, त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, पण आत सभागृहात सकाळी जो प्रश्नोत्तराचा तास चालतो तो बघणारी माणसं फार कमी आहेत आणि मला मनापासून वाटतं की पोलीस, गुन्हे, बायकापोरांची सुरक्षितता या विषयांवर सरकारला खरं अडवायची जागा तीच आहे. तो तास, आणि त्याच्या आधी निघते ती छापील यादी.

माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, तहसील कचेरीसमोर. अर्ज, प्रतिज्ञापत्र, सातबाऱ्याच्या दुरुस्त्या, आणि आमदारांना द्यायची निवेदनं. ही निवेदनं टाइप करता करता मला या विषयाची गोडी लागली. कारण एखाद्या गावातून आलेलं निवेदन आमदाराच्या ऑफिसात जातं, तिथून त्याचा प्रश्न होतो, प्रश्न विधानमंडळ सचिवालयात जातो, तिथून गृह विभागाकडे, गृह विभागातून पोलीस महासंचालकांचं कार्यालय, तिथून जिल्ह्याचे एसपी, तिथून आपलंच पोलीस स्टेशन, आणि मग ठाणेदारानं दिलेली माहिती त्याच रस्त्यानं परत वर जाते आणि मंत्री ती सभागृहात उत्तर म्हणून देतात. म्हणजे ज्या ठाण्याबद्दल तक्रार, त्याच ठाण्याचा खुलासा. हे एकदा लक्षात आलं ना की प्रश्न कसा लिहायचा याकडे माणूस वेगळ्या नजरेनं बघायला लागतो.

विधानमंडळाच्या वेबसाइटवर तारांकित प्रश्नोत्तरांच्या, म्हणजे ज्यांना मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं अशा प्रश्नांच्या याद्या असतात, पीडीएफ, कुणीही उघडून वाचू शकतं. प्रश्नाचा साचा ठरलेला. "(१) अमुक ठिकाणी अमुक घडल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले, (४) तद्नुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि उत्तरं सुद्धा ठरलेली. "हे खरे आहे." "हे अंशतः खरे आहे." "हे खरे नाही." आणि शेवटच्या भागाला "प्रश्न उद्भवत नाही." कधी नुसतंच "माहिती घेण्यात येत आहे".

यातलं "अंशतः खरे आहे" हे उत्तर मी सगळ्यात बारकाईनं वाचते. कारण तिथे सरकारनं काहीतरी कबूल केलेलं असतं आणि काहीतरी बाजूला ठेवलेलं असतं, आणि जे बाजूला ठेवलंय ते बाहेर काढायला उपप्रश्न असतो. तारांकित प्रश्नाचं सगळं वजन या उपप्रश्नात आहे. अतारांकितला फक्त लेखी उत्तर, ते येईल तेव्हा येईल, पण तारांकित पुकारला गेला की मंत्र्यांना उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्या उत्तरावर आमदार पुढचा प्रश्न टाकू शकतो, नुसता तोच आमदार नाही, अध्यक्षांनी परवानगी दिली तर दुसरेही. बाजूच्या गॅलरीत खात्याचे अधिकारी फायली घेऊन बसलेले असतात, मंत्री अडले की तिथून चिठ्ठी येते. युट्यूबवर कामकाज लाइव्ह असतं ते कधी बघाल तर ही चिठ्ठी कुठल्या प्रश्नावर मागवली जाते तेवढं बघा. जिथे चिठ्ठी लागते तो प्रश्न चांगला, असं मी धरून चालते.

आता होतं काय, की हातात आलेला उपप्रश्न पुष्कळ आमदार भाषणात घालवतात. तीन मिनिटं शिवराय, फुले-शाहू-आंबेडकर, लाडक्या बहिणी, मग शेवटी "सरकार यावर कठोर कारवाई करणार आहे का?" आणि मंत्री म्हणतात, सन्माननीय सदस्यांनी अतिशय महत्त्वाचा मुद्दा उपस्थित केला आहे, तपासून उचित कार्यवाही करू, गरज पडली तर सदस्यांसोबत बैठक लावू. झालं, पुढचा प्रश्न. ज्या बाईच्या गळ्यातलं ओरबाडून नेलंय तिच्या हाती काय लागलं यातून?

आमच्याच गावचं सांगते, गावाचं नाव लिहीत नाही. एसटी स्टँडच्या मागच्या रस्त्यावर पहाटेच्या गाडीनं येणाऱ्या बायकांच्या सोनसाखळ्या जायला लागल्या होत्या. बचत गटाच्या बायका निवेदन घेऊन दुकानात आल्या, हातानं लिहिलेलं, "परिसरात गुन्हेगारी वाढली असून पोलिसांचा धाक राहिलेला नाही, तरी योग्य ती कारवाई व्हावी". आमदारांनी मनावर घेतलं, प्रश्न दिला, आणि पुढच्या अधिवेशनात उत्तर आलं. अंशतः खरे आहे, सदर परिसरात गस्त वाढवण्यात आली आहे, पोलीस चौकी कार्यान्वित आहे. चौकी कार्यान्वित! त्या चौकीच्या दाराला कुलूप होतं आणि पायरीवर भाजीवाल्या मावशी गोण्या ठेवायच्या, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. बायका चिडल्या, साहजिक आहे. पण उत्तराची ती प्रिंट माझ्या समोर होती आणि ती वाचून मी त्यांना म्हटलं, मावशी, आता हे सोडायचं नाही, सरकारनं लेखी म्हटलंय चौकी चालू आहे, आता आपण त्याचंच विचारू. मग सगळ्यांनी बसून दुसरं निवेदन केलं. या चौकीला मंजूर पदं किती, भरलेली किती, मागच्या तीन महिन्यांत रात्री दहा ते सकाळी सहा कोण ड्युटीला होतं, स्टेशन डायरीत त्याची नोंद आहे का, सोनसाखळीचे गुन्हे किती दाखल झाले, त्यातले उघडकीस किती आले, मुद्देमाल किती परत मिळाला. प्रश्न सभागृहात पुकारला जायची वेळसुद्धा आली नाही. प्रश्न खाली ठाण्यात माहितीसाठी आला आणि त्या आठवड्यात कुलूप निघालं, रात्री एक हवालदार आणि एक होमगार्ड बसायला लागले. ज्या प्रश्नाला आकडा आणि तारीख द्यावी लागते तो प्रश्न ठाण्यापर्यंत पोचतो, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

हे छोट्या गावचं झालं. मोठ्या प्रकरणात काय होतं ते मस्साजोगनं दाखवलं. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण करून हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचं प्रकरण त्याच्या मागे. नागपूरचं हिवाळी अधिवेशन १६ डिसेंबरला सुरू झालं, आणि हे अधिवेशन त्या वेळी नसतं तर हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्याच एखाद्या फाइलमध्ये कितपत वर आलं असतं याची मला शंका आहे. सभागृहात बीडचे आमदार बोलले, आणि विशेष म्हणजे सत्ताधारी भाजपचे आष्टीचे सुरेश धस स्वतःच्याच सरकारसमोर तपशील ठेवत राहिले. कोणता गुन्हा कधी दाखल झाला, आधीच्या तक्रारीवर पोलिसांनी काय केलं, खंडणी, मारहाण आणि खून या तीन घटना एकमेकांना कशा जोडलेल्या आहेत. २० डिसेंबरला मुख्यमंत्री, म्हणजेच गृहमंत्री, देवेंद्र फडणवीसांनी विधानसभेत उत्तर दिलं, एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक, न्यायालयीन चौकशी आणि बीडच्या पोलीस अधीक्षकांची बदली जाहीर केली. पुढचं अर्थसंकल्पीय अधिवेशन मुंबईत ३ मार्च २०२५ ला सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी, ४ मार्चला धनंजय मुंडेंनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, कारण त्यांचा निकटवर्तीय वाल्मीक कराड या प्रकरणात आरोपी होता. दोषारोपपत्रातले देशमुखांच्या छळाचे फोटो बाहेर आले होते, लोकांचा संताप होता, सगळंच होतं, पण अधिवेशन समोर उभं असणं हेही त्यात होतं. सरकारला सभागृहात तोंड द्यायचं होतं.

त्याच २० डिसेंबरच्या उत्तरात दुसरं एक प्रकरण होतं, परभणीचं. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर शहरात हिंसाचार झाला, धरपकड झाली, आणि अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी असलेला एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. सभागृहात सांगितलं गेलं की या तरुणानं मॅजिस्ट्रेटसमोर मारहाणीची तक्रार केलेली नव्हती आणि सीसीटीव्ही चित्रणात मारहाण दिसत नाही. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. पुढे जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, ३० जुलैला तिथेही तो आदेश कायम राहिला.

मला हे प्रकरण फार अस्वस्थ करतं. न्याय कोर्ट करेल, तिथे साक्षीपुरावे होतील, ते मी बोलत नाही. पण सभागृहात जे निवेदन झालं त्याचं पुढे काय? मंत्री जे बोलतात ते खालून आलेल्या माहितीवर बोलतात, ती माहिती ज्यांनी पाठवली त्यांना कोणी विचारलं का, की तुम्ही सभागृहाला हे कशाच्या आधारावर सांगायला लावलं? ही जबाबदारी सभागृहाची आहे. हक्कभंग, म्हणजे सभागृहाचा किंवा सदस्यांचा हक्क मोडणाऱ्याला जाब विचारायचं हत्यार आमदारांकडे आहे, आणि ते आपल्याकडे सहसा कुठे निघतं, तर कोणी आमदारांबद्दल वाईट बोललं, कोणी अधिकाऱ्यानं फोन उचलला नाही, तिथे. कोठडीतल्या मृत्यूसारख्या विषयात चुकीची माहिती सभागृहात आली का हे तपासायला ते निघालं तर त्या हत्याराचं चीज होईल.

आणखी एक पळवाट आहे ती म्हणजे "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे". कोर्टात केस चालू असताना आरोपी दोषी की निर्दोष यावर सभागृहात बोलू नये हे बरोबरच आहे, त्यात दुमत नाही. पण तपासी अधिकारी किती वेळा बदलला, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल यायला किती महिने लागले, सरकारी वकील नेमला का, साक्षीदाराला संरक्षण दिलं का, यातलं काहीही न्यायप्रविष्ट होत नाही, हा सगळा सरकारचा कारभार आहे. अध्यक्षांनी इथे आमदाराच्या बाजूनं उभं राहायला हवं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यात लिहिलेलं आहे की कोर्टानं दखल घेतल्यापासून तीस दिवसांत बालकाची साक्ष नोंदवावी आणि शक्यतो एका वर्षात खटला संपवावा. मग दर अधिवेशनात कुणीतरी एकच प्रश्न विचारत राहा ना, माझ्या जिल्ह्यात पोक्सोचे किती खटले वर्षाच्या आत संपले, आणि जे संपले नाहीत ते कशानं अडले. अहवाल आला नाही म्हणून, समन्स बजावलं गेलं नाही म्हणून, पंच फुटले म्हणून, की कोर्टच कमी आहेत म्हणून? हे उत्तर टेबलासकट आलं तर आपल्याला कळेल तरी की दुखणं कुठे आहे. आणि फाशी द्या, एन्काउंटर करा असं ओरडण्यापेक्षा त्या पोरीच्या आईला याचा उपयोग जास्त.

फाशीवरून शक्ती कायदा आठवला. आंध्रच्या दिशा कायद्याच्या धर्तीवर आपल्याकडे शक्ती विधेयक आलं, डिसेंबर २०२० मध्ये मांडलं, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. बायकांवरच्या अत्याचारात लवकर तपास, लवकर खटला, कडक शिक्षा. आमच्या भागात त्यावर कार्यक्रम झाले, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि संमती काही मिळाली नाही. १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे आले आणि शक्तीचा विषयच मागे पडला. या मधल्या काळात केंद्रानं नेमके काय आक्षेप घेतले, राज्यानं त्याला काय उत्तर दिलं, कोणत्या तारखेला दिलं, हे विचारायला आमदारांना पुष्कळ अधिवेशनं मिळाली. कायदा करताना जो जोर होता त्याच्या पावपट जोरानं जरी पाठपुरावा झाला असता तरी निदान आपल्याला गाडी कुठे अडली ते कळलं असतं.

आता लक्षवेधी. मराठी माणसाला हा शब्द टीव्हीमुळे चांगला माहीत आहे. तातडीचा सार्वजनिक महत्त्वाचा विषय, त्याकडे मंत्र्यांचं लक्ष वेधायचं, मंत्री निवेदन करणार, मग प्रश्न. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो, म्हणून काल घडलेल्या घटनेवर लक्षवेधी हाच मार्ग. लक्षवेधीत ताकद किती असते ते २००५ मध्ये दिसलं होतं. डान्सबारच्या विषयावर मार्च २००५ मध्ये विधानसभेत तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटलांनी, म्हणजे आबांनी, बंदीची घोषणा केली आणि १५ ऑगस्टपासून राज्यभर बंदी लागू पण झाली. आबांचा हेतू चांगला होता, घरं बरबाद होत होती हे त्यांनी जवळून पाहिलं होतं, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण २००६ मध्ये हायकोर्टानं ती बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तेच कायम केलं, मग पुन्हा कायदा, पुन्हा कोर्ट, असं २०१९ पर्यंत चाललं. त्या वेळी सभागृहात जवळपास सगळेच बंदीच्या बाजूचे होते, आणि सगळे एका बाजूचे असले की कठीण प्रश्न विचारायला कुणी उरत नाही. त्या हजारो बायकांचं पुढे काय, तारांकित हॉटेलांना वेगळा न्याय का, हे कोर्टानं विचारलं. ते आधी सभागृहात विचारलं गेलं असतं तर कायदा पक्का झाला असता.

नक्षली आणि तशा संघटनांवर कारवाईसाठी आणलेल्या जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी थोडं बरं चित्र होतं असं मी म्हणेन. जुलै २०२४ मध्ये मांडलं, घाईत मंजूर झालं नाही, डिसेंबरमध्ये पुन्हा मांडून संयुक्त चिकित्सा समितीकडे गेलं, लोकांकडून बारा हजारांवर सूचना आल्या. शेवटी जुलै २०२५ मध्ये मंजूर झालं. मला त्यातल्या "बेकायदेशीर कृत्य" च्या व्याख्येची अजूनही भीती वाटते, ती फार ऐसपैस आहे, उद्या कुणाच्याही मोर्चाला लागू शकते. विधानसभेत मंजुरीच्या वेळी उघड विरोधात उभे राहिले ते माकपचे डहाणूचे विनोद निकोले, एकटे. बाकीच्यांनी बाहेर येऊन काय काय म्हटलं ते राहू द्या, मतदानाच्या क्षणी नोंद झाली ती एकाची. पण निदान समितीत कलमवार चर्चा झाली, काही शब्द बदलले.

२६/११ चं तर किती सांगावं. हल्ल्यानंतर आबा पाटलांनी राजीनामा दिला, मुख्यमंत्री विलासराव देशमुखही गेले, पोलिसांचं काय चुकलं ते तपासायला राम प्रधान समिती नेमली. मुंबईत सीसीटीव्हीचं जाळं उभारायचं हे तेव्हापासून ऐकत आलो आणि त्यावर दोन सरकारांच्या काळात सभागृहात प्रश्न येत राहिले, निविदा निघाली, रद्द झाली, परत निघाली, उत्तर दरवेळी "प्रक्रिया सुरू आहे". प्रकल्प पूर्णपणे सुरू झाला तो ऑक्टोबर २०१६ मध्ये. आठ वर्षं. "प्रक्रिया" कोणत्या टेबलावर आहे आणि कधी संपणार, ही तारीख एकदा सभागृहात मंत्र्यांच्या तोंडून वदवून घेतली की पुढच्या अधिवेशनात तीच तारीख दाखवून विचारता येतं. नाही घेतली तर पुढचं अधिवेशनही तिथूनच सुरू.

चौकशी आयोगांच्या बाबतीत मात्र कायद्यानंच तारीख बांधून दिलीय, हे फार लोकांना माहीत नसतं. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याप्रमाणे अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो कृती अहवालासह सभागृहात ठेवावा लागतो. मुंबई दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९३ मध्ये नेमला, मध्ये १९९६ मध्ये गुंडाळला, पुन्हा सुरू केला, फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल दिला आणि ऑगस्ट १९९८ मध्ये तो सभागृहात आला, मुदत संपता संपता. सरकारनं त्यातले निष्कर्ष मानले नाहीत, पण कागद सभागृहात आला, लोकांच्या हातात आला, त्यावर पुढची कित्येक वर्षं माणसं कोर्टात भांडू शकली. त्या सहा महिन्यांच्या कलमाचं मोल मला तिथे कळलं. म्हणून कुठल्याही प्रकरणात "न्यायालयीन चौकशी करू" अशी घोषणा झाली की पहिला उपप्रश्न हाच हवा की ही चौकशी १९५२ च्या कायद्याखाली की नुसती समिती? नुसती समिती असेल तर अहवाल सभागृहात ठेवायचं बंधन राहत नाही.

दिल्लीचं थोडक्यात. आपले खासदारही लोकसभेत गुन्ह्यांवर प्रश्न विचारतात आणि गृह मंत्रालयाचं उत्तर जवळपास दरवेळी एकाच वाक्यानं सुरू होतं की पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्यांचे विषय आहेत. खरं आहे ते. त्यानंतर एनसीआरबीचा, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय विभागाचा तक्ता. तोही जुना, कारण २०२२ ची आकडेवारी डिसेंबर २०२३ मध्ये आली आणि २०२३ ची यायला सप्टेंबर २०२५ उजाडला. एवढ्या शिळ्या आकड्यांवर धोरण काय ठरवणार? आणि विषय थेट केंद्राच्या अखत्यारीतला असला तरी काय झालं ते आपण बघितलं, १३ डिसेंबर २०२३ ला संसदेत प्रेक्षक गॅलरीतून उड्या मारून धूर सोडला गेला, त्याच दिवशी बाहेर धूर सोडणाऱ्यांत आपल्या लातूर जिल्ह्यातला एक पोरगा होता. विरोधकांची मागणी काय होती, तर गृहमंत्र्यांनी सभागृहात निवेदन करावं. घोषणाबाजी झाली, कामकाज अडलं हे मान्य, पण त्या अधिवेशनात १४६ खासदार निलंबित झाले आणि अख्ख्या देशाचे तीन नवे फौजदारी कायदे निम्म्या रिकाम्या बाकांसमोर मंजूर झाले. आज आपल्या ठाण्यात जी कलमं लागतात ती त्या दिवसांतली आहेत.

इकडे महाराष्ट्रात वेगळीच अडचण आहे. नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर २८८ च्या सभागृहात विरोधी पक्षांतल्या एकाकडेही एक दशांश आमदार नाहीत, सगळ्यात मोठा उद्धव ठाकरेंचा पक्ष तो वीस जागांचा. त्यामुळे विरोधी पक्षनेतेपदाचा घोळ सुरू राहिला. दर अधिवेशनात अंतिम आठवडा प्रस्ताव असतो, त्यात कायदा-सुव्यवस्थेवर मोठी चर्चा होते, विरोधी पक्षनेता असला की तो सगळी प्रकरणं एकत्र बांधून मांडतो, त्याला वेळ मिळतो, त्याच्याकडे माहिती येते, अधिकारी त्याचा फोन उचलतात. एकदशांशाचा हिशोब लावत बसण्यापेक्षा सरकारनं हे पद द्यावं असं मला स्पष्ट वाटतं. मुख्यमंत्रीच गृहमंत्री असताना तर जास्तच, कारण मुख्यमंत्र्यांना कोंडीत पकडणं सत्ताधारी आमदाराला सोपं नसतं आणि रोजची उत्तरं बरीचशी राज्यमंत्र्यांवर येतात, गृहला आता शहर आणि ग्रामीण असे दोन राज्यमंत्री आहेत. राज्यमंत्री प्रामाणिकपणे उत्तर देतातही, पण धोरणावर प्रश्न आला की "मुख्यमंत्र्यांशी चर्चा करून" म्हणावं लागतं.

शेवटी आश्वासन समिती. मंत्री सभागृहात "चौकशी करू", "एका महिन्यात अहवाल मागवू" म्हणाले की ते नुसतं बोलणं राहत नाही, त्याची आश्वासन म्हणून नोंद होते आणि ते पुरं झालं का हे बघायला विधानमंडळाची समिती असते. संसदेत आश्वासन पुरं करायला तीन महिने धरलेत. या समितीच्या बैठकांना कॅमेरे नसतात, तिथे कुणी पायऱ्यांवर बसत नाही, पण सचिवांना आणि पोलीस अधिकाऱ्यांना बोलावून विचारायचा अधिकार समितीला आहे.

तर माझी सध्याची खटपट ही आहे. आमच्या जिल्ह्याबद्दल मागच्या काही अधिवेशनांत गृह विभागाची जी उत्तरं आली त्यांच्या पीडीएफ काढून त्यातली "करण्यात येईल" वाली वाक्यं मी वेगळी टाइप करून ठेवतेय, समोर तारीख, प्रश्न क्रमांक, आणि प्रत्यक्षात काय झालं त्याचा रकाना रिकामा. नवीन पोलीस स्टेशनची इमारत, महिला पोलिसांची पदं, ११२ ला फोन केल्यावर गाडी यायला लागणारा वेळ, शाळेसमोरचे कॅमेरे. रकाना भरायला ज्या त्या गावची माणसं मदत करताहेत, स्टँडमागच्या त्या बचत गटाच्या बायका तर सगळ्यात पुढे. ही यादी सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाजूंच्या आमदारांच्या ऑफिसात देणार आहे आणि एक प्रत आश्वासन समितीला पोस्टानं. तुमच्या जिल्ह्याची कुणाला करायची असेल तर विधानमंडळाच्या साइटवर अधिवेशन निवडा, तारांकित प्रश्नोत्तरांची यादी उघडा आणि गृह विभागाचे प्रश्न ज्या दिवशी आहेत ती तारीख काढा, बाकी तक्ता कसा करायचा ते मी सांगते, दुकान रविवार सोडून रोज उघडं असतं.